फेस्टिव्हल हॉलमध्ये ऑर्गन ऐकायला कोण कोण येतंय?

प्रेषक: सांस्कृतिक समिती
नमस्कार मंडळी,
पुढच्या महिन्यात लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये फ्रेंच संगीताची मैफल आहे. सुरुवातीला फोरेची 'पावान', मग पुलँकचा ऑर्गन कन्चेर्टो (ऑर्गन पुढे, वाद्यवृंद साथीला) आणि मध्यंतरानंतर सँ-साँसची तिसरी सिंफनी, म्हणजेच 'ऑर्गन सिंफनी'. मंडळातर्फे एकत्र जावं असं मनात आहे. यायचं असेल तर याच धाग्यावर कळवा.

प्रेषक: अप्पा
समितीस नमस्कार.
लंडनला येण्याआधी हौशी संगीत नाटकांना मी बरीच वर्षं ऑर्गनची साथ केली. आमचा ऑर्गन पायाने भाता मारत वाजवायचा. नळ्यांचा हा ऑर्गन दुरूनच पाहिला आहे. दोघांत फरक काय? आणि समोर एवढा मोठा वाद्यवृंद बसलेला असताना त्याची गरज तरी काय पडते? जाणकारांनी सांगावं.

प्रेषक: नॉर्थ हॅरोच्या वहिनी
आम्ही चौघं येऊ. धाकटी नऊ वर्षांची आहे, तिला झेपेल ना? काल ती सिंफनी घरी लावली, तर दहा मिनिटं झाली तरी ऑर्गनचा पत्ताच नाही! मुलगी कंटाळून उठून गेली. आणि टाळ्या कधी वाजवायच्या तेही सांगा, मागच्या वेळी सगळे आमच्याकडे वळून बघत होते.

प्रेषक: सांस्कृतिक समिती
अप्पा, वहिनी, दोघांच्या प्रश्नांना एकत्रच उत्तर देते. जरा लांबेल, पण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

अप्पा, तुमच्या ऑर्गनमध्ये पितळी पत्ती थरथरते आणि सूर निघतो, पेटीसारखाच. पेटी मूळची पॅरिसची, दबँ नावाच्या कारागिराने 1842 मध्ये तिचं पेटंट घेतलं. फेस्टिव्हल हॉलच्या ऑर्गनमध्ये बहुतेक नळ्या बासरीच्या जातीच्या आहेत, त्यांत हवाच घुमते. एकूण नळ्या 7,866. राल्फ डाउन्सने आराखडा केला, डरॅमच्या हॅरिसन अँड हॅरिसनने तो बांधला आणि 1954 मध्ये तो पूर्ण झाला. हॉलच्या डागडुजीसाठी उतरवलेल्या नळ्या पुन्हा बसवून 2014 मध्ये सगळा ऑर्गन परत वाजता झाला.

तुमच्यासारख्या वादकाने एक गोष्ट मुद्दाम पाहावी. तुम्ही भात्यावरचा पाय हलका-भारी करून आवाज कमी-जास्त करता. इथे हवेचा दाब कायम ठेवतात, आणि पट्टी जोरात दाबली तरी आवाज वाढत नाही. वादक स्टॉप (नळ्यांची रांग सुरू करणारी खुंटी) ओढून नळ्यांच्या नव्या रांगा जोडत जातो. शिवाय काही नळ्या झडपांच्या पेटीत असतात, त्या झडपा पायाने उघडल्या-मिटल्या की तोच सूर जवळ येतो नि लांब जातो. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या काव्हाये-कॉलने असे ऑर्गन बांधले की एकट्या वादकाला अख्ख्या वाद्यवृंदासारखे रंग काढता येऊ लागले. सँ-साँस स्वतः जवळजवळ वीस वर्षं पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा.

आता गरजेचं. पुलँकने तर वाद्यवृंदातली फुंकून वाजवायची सगळी वाद्यंच काढून टाकली. उरली फक्त तंतुवाद्यं आणि टिंपनी (मोठे नगारे), बाकी सगळे रंग ऑर्गनने भरायचे. ही रचना त्याच्याकडून करवून घेतली प्रिन्सेस द पोलिन्याकने; प्रिन्सेस हा किताब तिला लग्नामुळे मिळालेला. सिंगर शिलाई मशीनवाल्या सिंगरची ही मुलगी. पहिला प्रयोग 1938 मध्ये तिच्याच दिवाणखान्यात झाला. ऑर्गनवर मोरिस द्युरुफ्ले होता आणि संचालन नादिया बुलांजेचं होतं.

वहिनी, ऑर्गन दहा मिनिटं येत नाही हे अगदी खरं, आणि तो येतो तेही इतक्या हळू की घरच्या स्पीकरवर कळतच नाही. सिंफनीचा मूळ सूर सी, तो आपण सा धरू. अस्वस्थ, धावतं पहिलं अंग संपतं आणि संथ भाग कोमल रिषभावर येऊन बसतो. तिथे ऑर्गन अगदी मंद सूर धरतो आणि व्हायोलिनं त्याच्यावर चाल मांडतात. अप्पा गाणाऱ्याच्या मागे जो भरणा देतात ना, तसं. सगळे या सिंफनीचं नाव घेतात ते शेवटच्या भागातल्या त्या प्रचंड सी मेजर (शुद्ध स्वरांच्या) गजरासाठी. मला विचाराल तर खरी किमया या संथ भागातच आहे. ऑर्गनच्या नळीचा सर्वांत खालचा सूर, 32 फूट लांबीचा, सेकंदाला साधारण 16 कंपनांचा असतो. तो कानाला जेमतेम ऐकू येतो, पण खुर्चीत आणि छातीत जाणवतो. रेकॉर्डिंगमध्ये हे येत नाही, म्हणून तर मी सगळ्यांच्या मागे लागले आहे.

धाकटीला खुशाल आणा. ही सिंफनी 1886 ची, त्याच साली सँ-साँसने 'प्राण्यांचा कार्निव्हल' लिहिला, तो तिला आधी ऐकवा. सिंफनीत तिला पियानो शोधायला सांगा. शेवटच्या भागात ऑर्गन गरजून थांबतो, आणि सुरुवातीची ती धास्तावलेली चाल तंतुवाद्यं मेजरमध्ये हळुवार वाजवतात. तेव्हा दोन वादक एकाच पियानोवर चार हातांनी पाण्यासारखे चमचमते सूर सोडतात.

ही सिंफनी लंडनच्याच फिलहार्मोनिक सोसायटीने मागवली होती आणि 19 मे 1886 रोजी सेंट जेम्सेस हॉलमध्ये सँ-साँसने स्वतःच संचालन करून ती प्रथम सादर केली. पुढे तो 1921 पर्यंत जगला, लिहितही राहिला, पण सिंफनी पुन्हा लिहिली नाही. आपण या शहरात राहतो आणि ती इथे वाजते आहे, तर जायलाच हवं!

टाळ्यांचं सोपं आहे: सिंफनीत मध्ये एकदाच थांबतात, तिथे हात मांडीवर. संचालक वळून प्रेक्षकांकडे बघेल तेव्हा मनसोक्त वाजवा.

प्रेषक: अप्पा
पट्टी दाबून आवाज वाढत नाही, मग भावना आणायची कशी, हे त्या वादकाच्या हाताकडे बघूनच समजून घेईन. माझं नाव लिहा. आमची ही पण येते म्हणाली. वाद्यवृंद ऑर्गनशी सूर जुळवतो की ऑर्गन वाद्यवृंदाशी?

प्रेषक: सांस्कृतिक समिती
वाद्यवृंद ऑर्गनशी. हजारो नळ्या आयत्या वेळी कोण जुळवणार? त्यातून हॉल तापला की नळ्यांचा सूर थोडा चढतो, तेव्हा बाकीच्यांनाच त्याच्याकडे यावं लागतं.

अप्पा, वादकाचे हातपाय दिसतील अशा जागा तुमच्यासाठी बघते. बाकीच्यांची तिकिटं थोडी मागची काढू, ऑर्गनच्या अगदी पुढ्यातल्या रांगांत व्हायोलिनं दबतात. नावं शुक्रवारपर्यंत कळवा. वॉटर्लू स्टेशनवर मोठ्या घड्याळाखाली सहा वाजता भेटू, तिथून हॉल पाच-सात मिनिटांवर आहे. डबे आणणाऱ्यांनी वहिनींशी बोलून घ्या.