स्टार्टरच्या डब्याला बिजागरी लावली, यात अडाणीपणा कुठला?

ऊसकरी_करवीर:
परवा इथं एकानं लिहिलं, "कंपनीच्या डब्याला भोकं पाडणारे अडाणी, एक दिवस मरतील." मनाला लागलं म्हणून लिहितोय. माझ्या मोटरीचा मोबाईल स्टार्टर, म्हणजे फोनवरनं मोटर चालू-बंद करणारा डबा, नदीकाठी खांबावर हाय. सिम हललं, फ्यूज गेला की चार स्क्रू काढा, तेही रात्री १२ ला, टॉर्च दातात धरून. एक स्क्रू चिखलात गेला तो गेलाच. दोन महिने झाकण सुतळीनं बांधलं. शेवटी डावीकडं दोन बिजागऱ्या, उजवीकडं कडी, कडेनं सायकलच्या ट्यूबची पट्टी. खर्च ८० रुपये. पुराचं पाणी चढायला लागलं की स्टार्टर सोडवून आणायलाही सोपं. २०१९ ला पंचगंगेनं एक गिळलाय माझा.

उद्यमनगरचा_वायरमन:
ते मीच लिहिलंय. आत ४१५ व्होल्ट असतात. हत्याराशिवाय डबा उघडू नये म्हणून स्क्रू असतो. कडी शेंबडं पोरगंही उघडतं. आमच्या गल्लीतला पोरगा असाच उघड्या स्टार्टरला ओल्या हातानं भिडला, जागेवर गेला. खांदा दिलाय मी. आणि ड्रिलचा कीस कुठं पडला? आतल्या सर्किट बोर्डावरच ना?

ऊसकरी_करवीर:
बोर्ड आधी काढून घरी ठेवला होता. तुमच्या स्क्रूवाल्या डब्यात वायरच्या भोकातनं पाल शिरून काँटॅक्टर, म्हणजे मोटरीला लाईट जोडणारा आतला स्विच, जळला, त्याचं काय?

रातपाळी_शिरोळ:
झाकणावर कसले भांडताय? रात्रीची लाईट हे दुखणं हाय. २०२२ च्या फेब्रुवारीत दिवसा १० तास विजेसाठी कोल्हापुरात धरणं झालं, मी बसलो होतो. वडील रात्री फ्यूज बघायला गेले, बांधावर घोणस चावली. वाचले, पण पाय अजून सुजतो.

पेठेतला_इंजिनिअर:
मग सोलर घ्या की. मागेल त्याला मिळतोय.

रातपाळी_शिरोळ:
सरकारी योजनेत अनुदान ७.५ एचपीपर्यंतच्या पंपाला. माझी मोटर १५ ची, पाणी दीड किलोमीटर चढवायचं. पेठेत बसून शेती शिकवू नका!

पेठेतला_इंजिनिअर:
आवाज चढवायचं कारण नाही. माझंही गावाकडं रान आहे.

रातपाळी_शिरोळ:
मग पाणी पाजायला एक रात्र या.

उद्यमनगरचा_वायरमन:
लाईटचा वेगळा धागा काढा. ऊसकरी, बोर्ड काढला होता म्हणता, ते बरं केलं. बिजागरी राहू दे. पण झाकण पत्र्याचं ना? रंग आणि गंजामुळं बिजागरीतनं अर्थिंग मिळेलच असं नाही. डब्याच्या अर्थिंग बोल्टापासनं झाकणाला हिरवी वायर ओढा, उघडताना ताणणार नाही इतकी ढिली. कडीला कुलूप घाला. ट्यूब उन्हानं तडकते, दर पावसाळ्याआधी बदला. एवढं नसेल तर अडाणीच म्हणणार.

ऊसकरी_करवीर:
कुलूप उद्याच घालतो. वायर नव्हती, हे खरं. पण "मरतील" हा शब्द काढा, घरात माझी पोरं वाचतात.

उद्यमनगरचा_वायरमन:
वायर ओढल्याचा फोटो टाका, काढतो.