गोडा मसाला, २०० ग्रॅम: २५ टक्के नफा धरला तरी हातात कमी का उरतो?

दगडफूल
माझा हिशोब असा: १० किलो कच्चा माल, भाजणी-कांडपासह ३००० रुपये. ५० पाकिटं धरली, म्हणजे पाकिटामागे ६०. पिशवी-लेबल ६, मजुरी-गॅस-भाडं १०, वाहतूक ४. एकूण ८०. त्यावर २५ टक्के नफा, १००. ५ टक्के जीएसटी, १०५. दुकानदाराचे २० टक्के, १२६. हीच एमआरपी छापली. पण दुकानदाराकडून पैसे आले की पाकिटामागे २५ सुटत नाहीत. जीएसटी नोंदणी आहे, कंपोझिशन (छोट्या धंद्यांसाठीची सोपी कर-योजना) नाही.

उभाआडवा
सुटणार नाहीतच. दुकानदार २० टक्के एमआरपीवर कापतो, तुम्ही ते १०५ वर चढवलेत. १२६ मधून २५.२० गेले, तुम्हाला आले १००.८०. त्यात जीएसटी आहे, म्हणून १.०५ ने भागा (५ टक्के वजा करू नका, उत्तर चुकतं). उरले ९६, नफा १६.

टक्का विक्रीवर हवा असेल तर मिळवायचं नाही, भागायचं:
८० ÷ ०.७५ = १०६.६७ (तुमचे २५ टक्के)
÷ ०.८० = १३३.३३ (दुकानदाराचे २० टक्के)
× १.०५ = १४० (जीएसटी)

एमआरपी १४०, सर्व करांसहित. दुकानदाराला बिल १०६.६७ अधिक जीएसटी ५.३३, म्हणजे ११२. या टक्क्यांना गुणक १.७५ येतो; खर्च बदलला की थेट त्याने गुणा. मात्र ८० मध्ये पिशवी-लेबलवरचा १८ टक्के जीएसटी धरला असेल तर तो काढा, त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो तुमच्या भरायच्या जीएसटीतून वळता होतो.

तराजू
हिशोब बरोबर, पण सुरुवातीचे ६०च मला पटत नाहीत. १० किलो भाजून-कुटून १० किलो कसा उतरेल? धणे-तीळ भाजताना ओलावा जातो, चाळणीत चोथा राहतो, थोडा यंत्राला चिकटतो. समजा ९.२ किलो उतरला, तर ४६ पाकिटं. ३००० ÷ ४६ = ६५.२२. खर्च ८५.२२, एमआरपी १४९. प्रत्येक घाण्याचं उतरलेलं वजन लिहून ठेवा; खोबरं किती ओलं, यावरही आकडा हलतो. भरताना पाकिटात ४-५ ग्रॅम जास्त जात असतील तर तेही नफ्यातूनच.

दगडफूल
घट धरलीच नव्हती. उद्याच्या घाण्याला वजन करते. कंपोझिशन घेतलं तर स्वस्त पडेल का? आणि दिवाळीला १० टक्के सूट द्यावी म्हणतेय.

उभाआडवा
कंपोझिशनमध्ये उलाढालीवर १ टक्का भरायचा, पण तो बिलात वेगळा लावता येत नाही आणि खरेदीवरचं क्रेडिटही जातं. क्रेडिट गेल्याने अंगावर येणारा खरेदीवरचा कर ३ रुपये धरू, आणि ०.७५ मधून तो १ टक्का वजा करू: ८३ ÷ ०.७४ = ११२.१६. दुकानदाराला भाव जवळपास तोच. पण तो नोंदणीकृत असेल तर त्याला तुमच्या बिलावर क्रेडिट नाही, म्हणून तो कुरकुरेल. घरगुती गिऱ्हाईकच जास्त असेल तरच विचार करा.

सुटीबद्दल: घट बाजूला ठेवून १४० वर १० टक्के म्हणजे १२६, म्हणजे पुन्हा तोच १६ रुपये नफा. २६.६७ वरून १६, म्हणजे नफा ४० टक्के घटला. तेवढेच पैसे मिळवायला १०० च्या जागी १६७ पाकिटं खपवावी लागतील. सूट द्यायचीच तर निम्मी दुकानदाराने सोसावी, हे माल टाकण्याआधी ठरवून घ्या.