बोट वळवताना मशीन नुसतं बोंबलतंय, टिलर काढून स्टिअरिंग व्हील बसवू का?

कृष्णाकाठ_पलूस:
नमस्कार मंडळी. पलूस तालुक्यातलं नदीकाठचं गाव आहे आमचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळला पुरात माणसं नेणारी बोट उलटून जे झालं ते इकडं अजून कुणी विसरलेलं नाही. त्यानंतर आमच्या मंडळातल्या पोरांनी वर्गणी काढून १५ फुटी फायबरची बोट घेतली आणि २५ एचपीचं जुनं ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरून टांगायचं मशीन, मिळालं ते बसवलं, हातानं धरायच्या दांड्याचं म्हणजे टिलरचं. आता पावसाळ्याच्या आधी दर रविवारी डोहात सराव करतोय तर तीन गोष्टींनी वैतागलोय.

एक म्हणजे बोट सारखी उजवीकडं ओढते, मी मागं उजव्या बाजूला बसून डाव्या हातानं दांडा धरतो तर तो अखंड अंगाकडं ओढून धरावा लागतो, पंधरा मिनिटांत मनगट भरून येतं. दुसरं, जरा जोरात वळण घेतलं की मशीन एकदम बोंबलतं, आरपीएम म्हणजे मशीनचे मिनिटाचे फेरे वर जातात पण बोट जाग्यावरच, त्यात पुढं माणसं बसली असली की जास्तच. तिसरं जे झालं त्यानं खरी भीती बसली, गेल्या रविवारी प्रवाहाबरोबर खाली येताना समोर बाभूळ आली म्हणून मी थ्रॉटल, म्हणजे मशीनची रेस, बंद करून दांडा पूर्ण फिरवला तरी बोट वळलीच नाही, सरळ फांद्यांत जाऊन घुसली. चौघं होतो, सगळ्यांच्या अंगात जॅकेट होतं म्हणून खरचटण्यावर निभावलं.

एक जण म्हणतोय टिलर काढा, व्हील आणि केबलचं स्टिअरिंग बसवा, सगळं सुटेल. दुसरा म्हणतोय मशीनच्या पाण्यातल्या पंख्याला जाळी लावा. पैसे गावाचे आहेत, चुकीच्या जागी घालवायचे नाहीत. जाणकारांनी सांगा.

बामणोलीचा_नावाडी:
दादा, व्हीलवर एक रुपया घालू नका आत्ता. आमच्याकडं कोयनेच्या बॅकवॉटरला लाँचला व्हील आहे, ते पर्यटक बसवून बामणोली ते तापोळा सरळ जायला बरं. तुमच्या कामाला टिलरच पाहिजे, झटकन वळतो आणि मोडण्यासारखं मधे काही नसतं. केबल आत गंजली की व्हील जाम होतं, ते ऐन पुरात झालं तर काय करणार? आणि व्हील बसवलं तरी मशीन बोंबलायचं ते बोंबलणारच, कारण तो दोष वळवण्यात नाही, पंखा पाण्यात किती खोल आहे त्यात आहे.

टेप घ्या. बोटीच्या मागच्या फळीचा, ज्याला ट्रान्सम म्हणतात त्याचा, मधला वरचा काठ ते खाली बोटीचा तळ हे अंतर मोजा. छोट्या शाफ्टचं, म्हणजे खालचा पाय आखूड असलेलं, मशीन साधारण १५ इंची ट्रान्समला आणि लांब शाफ्टचं २० इंची ट्रान्समला असतं. मग पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती बघा, सगळे तिला कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. ती बोटीच्या तळाच्या बरोबरीनं किंवा फार तर इंचभर खाली पाहिजे. तळाच्या वर राहिली तर वळताना पंखा पृष्ठभागावरची हवा ओढतो, हवेत फिरतो आणि बोंबलतो. पुढं माणसं बसली की मागचा भाग उचलतो, म्हणून तवा जास्त होतं. मोजून आकडे टाका इथं.

मिरज_गॅरेज:
नावाडी मामांनी बरोबर सांगितलंय. फक्त एक भर घालतो, याला लोक कॅव्हिटेशन म्हणतात पण हे व्हेंटिलेशन आहे. कॅव्हिटेशन वेगळं, त्यात पात्याच्या पाठीवर दाब इतका कमी होतो की पाणीच उकळल्यासारखं बुडबुडे धरतं आणि ते फुटून पात्याला टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे पडतात. तुमच्या पात्याला तसे खड्डे आहेत का बघा, पातं वाकलं असेल किंवा कड चेपली असेल तरी होतं ते.

उजवीकडं ओढण्याचं सांगतो. पंखा मागून बघितला तर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो बहुतेक मशीनला, त्याची उलट ओढ दांड्यावर येते. ती मोडायला त्याच आडव्या पट्टीखाली, पंख्याच्या मागं वर, एक छोटा पंख असतो, ट्रिम टॅब. त्याचा बोल्ट ढिला करून मागची कड थोडी उजवीकडं वळवा. बोट ज्या बाजूला ओढते त्याच बाजूला मागची कड न्यायची, उलट नाही, इथं निम्मे लोक चुकतात. एकदम नको, थोडं थोडं फिरवून पाण्यात बघायचं. आणि हा टॅब बऱ्याच मशीनला मशीनऐवजी स्वतः गंज खाणारा बळीचा धातू पण असतो, त्याला रंग देऊ नका.

दांडा जड वाटतोय तर मशीन ज्या नळीवर डावंउजवं फिरतं तिथं ग्रीसचं निप्पल असतं, किती वर्षं ग्रीस गेलं नसेल देव जाणे. नवीन ग्रीस इतकं मारा की जुनं काळं बाहेर आलं पाहिजे. स्टिअरिंग घट्ट करायचा स्क्रू पण असतो, तो कुणीतरी आवळून ठेवलाय का बघा.

आणि पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतील ते पण लिहा. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा कागदावर किती इंच पुढं जाईल ते. समजा ११ पिच, मशीन ५००० आरपीएमवर आणि गिअर दोनास एक, तर पंख्याचे २५०० फेरे, म्हणजे मिनिटाला २७५०० इंच, तासाला जवळपास ४२ किलोमीटर. भरलेली बोट एवढी पळत नाही, पाणी निसटतं, त्याला स्लिप म्हणतात. पण माणसं भरून न्यायची असतील तर पिच कमीच पाहिजे, नाहीतर मशीन दमतं. जड बैलगाडी चढावर टॉप गिअरमध्ये ओढायला लावल्यासारखं होतं ते.

सॅपर_सातारा:
मी बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर पलटणीतून, निवृत्त, नोकरीत ओबीएम भरपूर चालवलंय. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला बाकीच्यांनी हात घातला नाही आणि जीव जाण्याची गोष्ट तीच आहे, म्हणून नीट वाचा.

ओबीएमला सुकाणू नसतं. होडीला मागं सुकाणूची फळी असते, तिच्यावरून पाणी वाहिलं की होडी वळते. इथं आपण अख्खा पंखाच फिरवतो आणि पंखा ज्या दिशेला पाणी फेकतो त्यावर बोट वळते. १९०९ च्या सुमारास अमेरिकेत ओले एव्हिनरूडनं ही मशीनं विकायला काढली तेव्हापासून तत्त्व हेच. म्हणजे थ्रॉटल बंद केलात की वळवायची ताकदच गेली. खालचा पाय थोडंफार सुकाणूचं काम करतो पण तुम्ही पाण्याच्याच वेगानं वाहत असता तेव्हा तेही नाही. बाभूळ समोर आली तेव्हा दांडा आधी फिरवायचा आणि लगेच थ्रॉटल द्यायचा. मन म्हणतं थांब, हात बंद करतो, म्हणून हे शांत पाण्यात शंभर वेळा करून अंगात मुरवावं लागतं.

दुसरं, अडथळ्याकडं किंवा माणसाकडं प्रवाहाबरोबर कधीच जायचं नाही. त्याच्या खाली जा, बोटीचं नाक प्रवाहाच्या वरच्या बाजूला करा आणि वर चढत जवळ जा. पलीकडच्या काठाला जायचं असेल तर नाक वरच्या बाजूलाच ठेवून किंचित तिरकं करा, थ्रॉटल एवढाच द्या की बोट खालीही वाहणार नाही आणि वरही चढणार नाही. मग प्रवाहच तुम्हाला आडवं ढकलत नेतो. पाण्यातला माणूस हाताशी आला की मशीन बंदच करा, नुसतं न्यूट्रल नको. आणि किल स्विचची, म्हणजे चालवणारा पडला तर मशीन आपोआप बंद करणारी, दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला, गाठ मारलेली नाही, क्लिपच पाहिजे.

जाळीचं विचारलंत. पंख्याला जाळी लावली तर पाण्यातल्या माणसाला पंखा लागायची भीती कमी होते हे खरं, पण बोटीला ओढ लागते आणि तुमच्याकडच्या पुरात काय वाहून येतं ते आठवा, उसाचं पाचट, जलपर्णी, ठिबकच्या नळ्या, द्राक्षबागांच्या तारा. ते सगळं जाळीत अडकून बसेल आणि पुरात वाकून काढता येत नाही. जेटचं मशीन म्हणाल तर त्याला उघडा पंखा नसतो, पण त्याचं तोंड पाचटानं आणखी लवकर बुजतं आणि ताकद तीसेक टक्के कमी मिळते. साधा पंखा ठेवा, सोबत विळा ठेवा, एक पंखा आणि पक्कड पेटीत जादा ठेवा.

बामणोलीचा_नावाडी:
काकांच्या बोलण्याला दुजोरा. उन्हाळ्यात आमच्याकडं पाणी उतरलं की बुडालेल्या शेतांचे जुने बांध आणि खोडं वर येतात, तिथं मशीन वर उचलायची खिटी मोकळी ठेवतो म्हणजे खालचा पाय आपटला तर मशीन उचलतं, फुटत नाही. पण रिव्हर्स टाकताना ती लॉक पाहिजे, नाहीतर मशीनच वर येतं.

मिरज_गॅरेज:
तंगूसचं लिहायचं राहिलं. मासे धरायची तंगूस पंख्याच्या शाफ्टवर गुंडाळली तर बाहेरून दिसत नाही, आत जाऊन ती सील कापते. पंखा काढून बघत जावा आणि गिअर ऑइल दुधासारखं पांढरं निघालं तर समजायचं पाणी शिरलंय.

कृष्णाकाठ_पलूस:
मंडळी, पंधरा दिवसांनी लिहितोय, सगळं करून बघितलं.

ट्रान्सम मोजला तर साडेसतरा इंच आला, आणि शाफ्ट १५ चा. आधी कळेना, मग वरचा काठ नीट बघितला तर आधीच्या मालकानं त्यावर अडीच इंचाची सागवानी फळी ठोकून रंग मारलेला, बहुतेक उथळ पाण्यात पंखा खाली लागू नये म्हणून. फळी काढली, खिळ्यांची भोकं भरून घेतली, आता आडवी पट्टी तळाच्या अर्धा इंच खाली आहे. वळताना बोंबलणं पूर्ण बंद. दोन वर्षं आम्ही मशीनला नावं ठेवत होतो.

ग्रीस मारलं तर निप्पलमधून आधी वाळलेला काळा चुरा बाहेर आला, मग दांडा एका बोटानं फिरायला लागला. टॅबची कड उजवीकडं जरा वळवली, आता सरळ चालते.

पंख्यावर पिच १२ होता. सहा माणसांच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या भरून पूर्ण थ्रॉटलला मोजलं तर ४६०० आरपीएम, पुस्तकात लिहिलेत ५००० ते ६०००. मिरजेतून १० पिचचा आणला, आता ५००० ला पोचतंय. जुना पंखा जादा म्हणून पेटीत ठेवला. मशीन गार ठेवायला पाणी ओढायचा इंपेलरही बदलला, जुन्याची रबरी पाती एकाच बाजूला वाकून तशीच कडक झाली होती, म्हणूनच मशीनच्या बाजूची पाण्याची पिचकारी बारीक येत होती.

सॅपर काका, तुमचं सांगणं सगळ्या पोरांना वाचून दाखवलं. मोकळ्या पाण्यात रिकामा तेलाचा डबा नांगरून ठेवतो आणि त्याच्यावर बोट घालून शेवटच्या क्षणाला दांडा आणि थ्रॉटल एकत्र द्यायचा, असा सराव लावलाय. पहिल्या दिवशी पाचातल्या चौघांनी थ्रॉटल बंदच केला, मी पण त्यात होतो. काल पाचही जण डब्याला न शिवता गेले. आता गोण्या भरून तिरकं पलीकडं जायचं शिकायचंय, तर विचारायचं होतं, नाक साधारण किती तिरकं ठेवायचं?

सॅपर_सातारा:
शाब्बास. सुरुवातीला अगदी थोडं, घड्याळात बारा वाजता प्रवाह येतोय असं धरलं तर नाक एकच्या आधी. प्रवाह जेवढा जोरात तेवढं कमी तिरकं. जास्त तिरकं झालं तर प्रवाह नाकाला धरतो आणि बोट आडवी करतो, तसं व्हायला लागलं की पहिल्यांदा थ्रॉटल वाढवा आणि नाक वरच्या बाजूला आणा. गोण्या मधे आणि खाली ठेवा, एका बाजूला नको. आणि काठावर एक माणूस दोर घेऊन उभा ठेवल्याशिवाय हा सराव करू नका.