मदत हवी आहे: ‘थॉर’ (२०११) वर प्रेक्षकांची मतं घ्यायची आहेत, प्रश्न तपासून द्याल का?

खानापूर रोड

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी इथल्या वाचकांच्या गटासाठी ‘थॉर’ या चित्रपटावर (नायक थॉर हा स्कँडिनेव्हियाच्या जुन्या, म्हणजे नॉर्स, पुराणातला गडगडाटाचा देव) साधारण ४० जणांची मतं घ्यायची आहेत, वय १६ ते ६५. मतं आमच्या हस्तलिखित अंकात जातील. पडद्यावर चित्रपट लावून तिथेच फॉर्म भरून घ्यायचा विचार आहे. कच्चे प्रश्न असे:

१. चित्रपट आणि संगीत आवडलं का?
२. नॉर्स पुराणकथांची मोडतोड केली आहे असं वाटतं का?
३. देवाला असं दाखवणं योग्य आहे का?
४. दहापैकी किती गुण द्याल?

काय बदलू?

टिळकवाडी

आधी पडद्याचं बघा. स्ट्रीमिंगचं सदस्यत्व किंवा डीव्हीडी घरात बघण्यापुरती असते. सभागृहात लावायचं तर हक्कधारकाची वेगळी परवानगी लागते, तिकीट ठेवा नाहीतर फुकट दाखवा. त्यापेक्षा एक आठवडा ठरवून सगळ्यांनी आपापल्या घरी बघावा आणि रविवारी जमून फॉर्म भरावा. फॉर्म आधी, चर्चा नंतर. उलटं केलंत तर जो पहिला आणि मोठ्यानं बोलला त्याचंच मत ४० फॉर्मांवर उमटेल.

आता प्रश्न. पहिल्यात दोन प्रश्न एकत्र झालेत; संगीत आवडलं पण कथा नाही, अशा माणसानं काय लिहायचं? वेगळे करा. दुसऱ्यात ‘मोडतोड’ हा शब्दच उत्तर सुचवतो.

तिसऱ्यावर मात्र खरंच थांबा. ‘देव’ म्हटलं की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे देव्हारा येतो, यल्लम्माचा डोंगर येतो, आणि उत्तर त्याच्या स्वतःच्या श्रद्धेबद्दल येतं, चित्रपटाबद्दल नाही. या चित्रपटात तर थॉर जेन या शास्त्रज्ञाला स्वतःच समजावतो की त्याच्या जगात जादू आणि विज्ञान ही एकच गोष्ट आहे. म्हणजे चित्रपट थॉर आणि त्याच्या लोकांना पूजेचे देव न मानता दुसऱ्या जगातली बलाढ्य माणसं मानतो. प्रश्नात ‘आस्गार्डचे (थॉरच्या जगाचे) लोक’ असं लिहा आणि विचारा: “ते तुम्हाला देव वाटले, राजघराणं वाटलं, की परग्रहावरचे लोक?” ज्या उत्तरासाठी तुम्ही तिसरा प्रश्न घातलात ते इथे नीट मिळेल.

शिवाय कोणत्या भाषेत पाहिला ते पहिल्याच ओळीत विचारा: इंग्रजी की हिंदी. दिग्दर्शक केनेथ ब्रॅना हा शेक्सपियरच्या नाटकांवर चित्रपट केलेला माणूस. थॉरचा बाप राजा ओडिन आणि भाऊ लोकी यांचे संवाद त्यानं त्याच भारदस्त ढंगात ठेवलेत आणि डबिंगमध्ये तो ढंग बदलतो. “संवाद कृत्रिम वाटले” असं दोघांनी लिहिलं तरी दोघांनी ऐकलेलं वेगळं असू शकतं.

शहापूर

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मूळ कथा न वाचलेला माणूस मोडतोड झाली की नाही हे कसं सांगणार? आधी गाळणी लावा: “थॉर, लोकी, ओडिन ही नावं चित्रपटाआधी कुठे भेटली होती?” पर्याय: कॉमिक, पुस्तक, व्हिडिओ गेम, कुठेच नाही. पुराणाशी तुलनेचा प्रश्न ‘पुस्तक’वाल्यांनाच द्या.

तिथेही एक घोटाळा होतो. चित्रपट थेट एड्डांवरून (नॉर्स कथांचे जुने आइसलँडी ग्रंथ) आलेला नाही. मध्ये मार्व्हलचं कॉमिक आहे. त्यातला थॉर १९६२ साली आला. लोकी हा थॉरचा दत्तक भाऊ, हे कॉमिकचं. १३व्या शतकातल्या एड्डांमध्ये लोकी ओडिनचा रक्तभाऊ आहे, त्याचा बाप फारबाउती आणि लाउफी त्याची आई. चित्रपटात तीच लाउफी हिमराक्षसांचा राजा आणि लोकीचा बाप होते! सिफ मूळात थॉरची बायको. ओडिननं एक डोळा मिमिरच्या विहिरीपाशी ज्ञानासाठी दिला; चित्रपटात तो डोळा लढाईत जातो. ‘जो लायक तोच थॉरचा हातोडा उचलेल’ ही चित्रपटातली अटही पुराणात नाही. थ्रिम नावाचा राक्षस तो खुशाल चोरतो आणि जमिनीत पुरून ठेवतो.

ही थ्रिमची कविता तुमच्या अंकात जरूर सांगा. हातोडा परत मिळवायला थॉर नवरीसारखा शालू नेसून, घुंगट घेऊन राक्षसाच्या घरी जातो आणि लग्नाच्या जेवणात एकटाच एक आख्खा बैल आणि आठ मासे फस्त करतो. अंधारात द्रौपदीच्या जागी कीचकाची वाट बघणारा भीम आणि बकासुराच्या गाड्यावरचा भात संपवणारा भीम एकत्र करा, तसं. म्हणून “विनोदी थॉर म्हणजे पुराणाचा अपमान” असं कुणी लिहिलं तर खाली टीप द्या. जुने कवीही त्याच्यावर मनमोकळं हसत होते.

उलट, चित्रपटानं नीट जपलेलंही आहे. योतुनहाइममध्ये, म्हणजे हिमराक्षसांच्या जगात, मुलांना सोडवायला ओडिन येतो त्या घोड्याचे पाय मोजा. आठ आहेत. तो स्लेपनिर, पुराणातला ओडिनचा घोडा.

खानापूर रोड

मनापासून आभार, तिन्ही प्रश्न बदलतो. आणखी दोन शंका. आमच्यातली काही मुलं घरी मराठी बोलतात, पण शिकतात कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात. आणि ४० फॉर्मांची मोजणी कशी मांडायची?

निपाणीकर

मुलांसाठी देवनागरीसोबत कन्नड लिपीतली प्रतही ठेवा. तरीही एकानं प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि बाकीच्यांनी लिहायचं, हे सगळ्यांत सोपं. वाचणाऱ्यानं समजावत बसायचं नाही, फक्त वाचायचं. एकूण प्रश्न १० ते १२, कागद एकच, पाठपोट. आधी पाच जणांवर करून बघा, ज्या प्रश्नाला दोघंजण “म्हणजे काय?” म्हणतील तो पुन्हा लिहा.

दहापैकी गुण काढून टाका. सगळे सात-आठवर येऊन थांबतात. त्याऐवजी एक प्रसंग द्या: थॉर हॉटेलात कॉफी पितो, आवडली म्हणून कप जमिनीवर आपटतो आणि आणखी मागतो. “इथे तो तुम्हाला उद्धट वाटला, भोळा वाटला, की राजेशाही?” एका कपावरून अख्ख्या पात्राबद्दलचं मत कळतं.

दोन सापळे आहेत. एक, लोक थॉरच्या चारही चित्रपटांची सरमिसळ करतात. उत्तरात हेला नावाचं पात्र, थॉरचे कापलेले केस किंवा फुटलेला हातोडा आला तर तो माणूस २०१७च्या ‘रॅग्नारोक’बद्दल लिहितोय, तो फॉर्म बाजूला ठेवा. दुसरा, नामावली संपल्यावर एक प्रसंग आहे आणि त्यात लोकी दिसतो. आधीच बंद केलेल्यांना तो मेला असं वाटतं. “शेवटपर्यंत पाहिलात का?” हे विचारल्याशिवाय लोकीच्या शेवटाबद्दलची उत्तरं एकत्र मोजू नका.

मोजताना टक्के नकोत. ४० जणांत एक माणूस म्हणजे अडीच टक्के होतो, आणि ‘पुस्तक’वाले आठच निघाले तर एक जण साडेबारा टक्के! “४० पैकी १७” असंच छापा. हिंदी आणि इंग्रजीचे रकाने वेगळे ठेवा. नाव घेऊ नका, फॉर्मच्या कोपऱ्यात फक्त क्रमांक टाका, म्हणजे अंकात कुणाचं वाक्य घेतलं तर मूळ कागद लगेच सापडतो.