सोसायटीचा ग्रुप : गणपतीला आला तो परत गेलाच नाही

लिमयेकाकू (बी-२०४) : पाण्याचा विषय संपला असेल तर एक विचारू का? माझ्या बहिणीचा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गणपतीला गावी आला तो परत गेलाच नाही. दिवसा पडून, रात्रभर जागा. चार विषय राहिलेत. भजनात पखवाज वाजवणारा मुलगा, यंदा आरतीलासुद्धा माजघरातून बाहेर आला नाही. भावोजी म्हणतात, आळस अंगात भरलाय.

सावंतकाका (ए-१०१) : मोबाईल काढून घ्या, आठवड्यात सुतासारखा सरळ येईल. आमच्या वेळी नव्हतं हे डिप्रेशन.

मुल्लाभाई (ए-३०२) : काका, मग आपल्या रत्नागिरीतलं मनोरुग्णालय ब्रिटिशांनी कुणासाठी बांधलं? 😄

सावंतकाका : ते वेगळं. हा शिकलेला पोरगा आहे.

मानसीवहिनी (बी-३०१) : काका, शिकणाऱ्या पोरांचंच वय हे. अमेरिकेत २००५ साली एक मोठं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. त्यात दर चार मानसिक आजारांपैकी सुमारे तीन वयाच्या २४ वर्षांच्या आत सुरू झालेले दिसले. म्हणजे कॉलेज संपेपर्यंत.
काकू, मी मानसोपचार विभागात नर्स म्हणून काम केलंय, म्हणून सांगते. परीक्षेत नापास झाल्यावर चार दिवस तोंड पाडून बसणं वेगळं. दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज मन खाली, नाहीतर आवडत्या गोष्टीतही रस नाही, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, एकाग्रता बिघडलेली, सतत थकवा, ‘मी कुचकामी’ असं वाटणं, हे डॉक्टरांना दाखवण्यासारखं आहे. चार विषय राहिले यापेक्षा पखवाजाला हात लावला नाही, ही गोष्ट मला जास्त खटकली. मुलगे रडत नाहीत, चिडचिड करतात, म्हणून घरच्यांना तो माज वाटतो.

लिमयेकाकू : चिडतो खूप. आईच्या अंगावर ओरडतो. पण कारण काय गं? घरात काही कमी नाही.

मानसीवहिनी : एकच कारण सापडेल असं नाही. घरात जवळच्या कुणाला डिप्रेशन असेल तर धोका साधारण दोन-तीन पट होतो. काकू, रागवू नका, पण तुमच्या वडिलांचं काय होतं ते बहिणीला आठवायला सांगा, डॉक्टर विचारतील. शिवाय आधी कधी असा काळ येऊन गेलाय का, रॅगिंग, दारू-गांजा, प्रेमप्रकरण, पैशाचा ताण, जागरण. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ पण तपासून घेतात, कारण तिथे बिघाड असला तरी माणूस असाच गळून जातो.

ओंकार (सी-१०२) : मी बोलू का? मी मुंबईत तिसऱ्या वर्षाला आहे. गावातल्या मराठी शाळेत पहिला येणारा मुलगा तिथे वर्गात साठावा असतो, आणि लेक्चर सगळं इंग्रजीत. पहिली केटी लागली, म्हणजे विषय राहिला, की घरी सांगवत नाही, कारण बाबांनी आंब्याच्या कलमांवर कर्ज काढलेलं असतं आणि फोनवर पहिला प्रश्न ‘अभ्यास चाललाय ना?’ हाच. मग फोनच घ्यायचा नाही. मेसला जायचं नाही. मोबाईल नंतर येतो काका, दुसरं काही उरत नाही म्हणून येतो.

सावंतकाका : 🙏 बरं.

राणे (सी-२०१) : आमच्याकडे असा काय झाला की पयली देवस्की (देवाधर्माचा काय नडता ता) बघतत. नारळ ठेवून बघूक काय हरकत?

मानसीवहिनी : ठेवा नारळ राणेकाका, बहिणीच्या मनाला बरं वाटेल. पण त्यासाठी डॉक्टर लांबवू नका, आणि भगताने सांगितलं म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या डिप्रेशनच्या गोळ्या बंद करू नका. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. लोक आठ दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून सोडतात, किंवा बरं वाटलं की परस्पर थांबवतात.

लिमयेकाकू : एक विचारायची भीती वाटते. त्याच्या मनात काही भलतंसलतं असेल तर?

मानसीवहिनी : सरळ विचारा, ‘जीव नकोसा वाटतो का रे?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं ठेवू नका, त्याच दिवशी दाखवा. २०२२ मध्ये देशात १३ हजारांवर विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची सरकारी नोंद आहे, म्हणून एवढं स्पष्ट लिहिते. रात्री-अपरात्री टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर लावा. फुकट आहे, मराठीतही बोलतात, आणि आधी आईनेच लावला तरी चालतो.

सचिव (ए-२०४) : ग्रुप सोसायटीच्या कामापुरता आहे, पण आज राहू दे. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा. त्याच्या कॉलेजला विचारा.

ओंकार : आमच्याकडे आहेत ते प्राचार्यांच्या केबिनला लागून बसतात. कोण जाणार तिथे? 😅

लिमयेकाकू : मानसी, भावोजी ‘रत्नागिरी’ म्हटलं की भडकतील. ‘वेड्यांच्या इस्पितळात नेताय’ म्हणतील.

मानसीवहिनी : मग सिव्हिलच्या ओपीडीत न्या, तिथेही मानसोपचाराचे डॉक्टर असतात. ‘झोपेसाठी दाखवू’ म्हणा, ते खोटंही नाही. भावोजींचा नंबर मला वेगळा पाठवा, बोलते मी.

सावंतकाका : गाडी लागली तर माझी आहे. सोमवारी मोकळा आहे.