मदत हवी आहे: कांदेपोह्यांचा एपिसोड मध्येच बसतोय

22 मिनिटांचा विनोदी एपिसोड. एकच सेट, गंगापूर रोडवरच्या फ्लॅटचा हॉल. मुलीकडचे ‘मुलगा बघायला’ येतात नि त्यालाच विचारतात, ‘पोहे तुम्हीच केलेत ना?’ हा उलटा डाव तिसऱ्याच मिनिटाला फुटतो, पुढे नुसती उजळणी. खरा चावा मुलाच्या आईच्या वाक्यात आहे: ‘हुंडा नकोच हो, फक्त लग्न थाटात करा.’ ते अकराव्या मिनिटाला, ब्रेकआधी टाकू की शेवटी? शेवटी टाकलं तर मधला प्रवेश कशावर तोलायचा? मावशीचं पात्र उडवलं तरी चालेल, ती तशीही पत्रिकाच वाचत बसते.

आणि पोहे! दर टेकला ताटली भरलेलीच दिसायला हवी, पण लाइटखाली पोहे लगेच सुकतात. एका प्रवेशाला किती प्लेटा धरू? वरून तेलाचा हात पुरतो का? शूटिंग रविवारी, पंचवटीत.