मदत हवी आहे: महागडा यो-यो वर येत नाही, स्वस्तातला खाली थांबत नाही

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न पोरकट वाटेल, पण मी गंभीर आहे.

घरात सध्या तीन यो-यो आहेत. पहिला पालच्या खंडोबाच्या यात्रेतला, ४० रुपयांचा, फेकला की लाल-निळा दिवा लागतो. दुसरा प्लॅस्टिकचा, साडेपाचशेचा, पुण्याहून आणलेला. तिसरा धातूचा, २१०० रुपयांचा. तो चिरंजीवांनी वाढदिवसाला हट्ट करून ऑनलाइन मागवला होता. चिरंजीव वय वर्षे १२. महागडा आला, दोन दिवस फेकला, "हा खराब आहे, वरच येत नाही" म्हणून कपाटात गेला. दुकानदाराला मेल केला तर उत्तर आलं, "प्रॉडक्ट व्यवस्थित आहे." बस्स, एवढंच. परत घ्यायला तयार नाही.

मला २१०० रुपये कपाटात पडलेले बघवेनात, म्हणून रात्री जेवणं उरकल्यावर मीच फेकायला लागले. आता माझीच सवय सुटत नाहीये. (वय विचारू नये. बँकेत नोकरी, गुडघे कुरकुरतात, एवढं पुरे.)

अडचण अशी. ४० वाला खाली जातो आणि लगेच टुणकन वर येतो, खाली थांबतच नाही. साडेपाचशेवाला पाच-सहा सेकंद फिरत थांबतो आणि मग स्वतःहूनच वर येतो, मी बोलावलं नसलं तरी. आणि २१०० वाला खाली मस्त गुणगुणत फिरत राहतो, पण कितीही हिसका द्या, वर येत नाही. शेवटी मेलेल्या उंदरासारखा दोरीला लोंबकळतो.

मला शिकायचंय ते ट्रॅपीझ. यो-यो बाजूला फेकून डाव्या हाताच्या बोटावरून वळवून परत दोरीवरच बसवतात ना, ते. व्हिडिओत पोरं डोळे झाकून करतात. कोणता यो-यो वापरू? की चौथा घेऊ? धातूचा खरंच बिघडलाय का?

ता.क. हॉलमधली ट्यूबलाइट फुटून झाली आहे, तेव्हा "जपून" हा सल्ला नको.

बिनकामाचा_इंजिनिअर

चौथा घ्या, म्हणजे पंखाही जाईल.

सुतळीबॉम्ब

ताई, एकही यो-यो बिघडलेला नाही. तिन्ही तीन जातीचे आहेत, आणि तुम्ही तिघांकडून एकच काम मागताय. मी कॉलेजात असल्यापासून खेळतोय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

४० वाल्याची दोरी आसाला, म्हणजे दोन बाजू जोडणाऱ्या मधल्या दांड्याला, गाठ मारून बांधलेली असणार. दोन्ही बाजू ओढून बघा, उघडला तर उघडा. गाठ असेल तर तो थांबणं शक्यच नाही. दोरी संपली की गाठ आसाबरोबर फिरते आणि उलटी गुंडाळायला लागते. खऱ्या यो-योत दोरी आसाला बांधत नाहीत. दुप्पट लांबीची दोरी मधोमध दुमडून पिळतात आणि दुमडीचा फासा आसाभोवती सैल सोडतात. फाशात आस गरगर फिरत राहतो, त्याला स्लीपर म्हणतात. ही सैल फाशाची दोरी फिलिपिन्समधून अमेरिकेत गेलेल्या पेद्रो फ्लोरेसने तिथे रुजवली. १९२८ मध्ये त्याने कॅलिफोर्नियात सांता बार्बराला यो-योचा कारखाना काढला, पुढे डंकन नावाच्या अमेरिकी उद्योजकाने तो धंदा विकत घेतला. आज ज्याला आपण ट्रिक म्हणतो, त्यातलं निम्म्याहून जास्त त्या सैल फाशावर उभं आहे.

साडेपाचशेवाला स्वतःहून वर येतो म्हणजे त्यात क्लच असणार. आत दोन छोट्या स्प्रिंगा आणि गोळ्यांचे वजनदार हात असतात. जोरात फिरताना ते बाहेर फेकले जातात आणि आस मोकळा राहतो. वेग उतरला की स्प्रिंगा त्यांना आत ढकलतात, ते आसाला चिमटा घेतात आणि यो-यो वर. योमेगा कंपनीचा 'ब्रेन' नावाचा यो-यो १९८० च्या दशकात याच युक्तीवर गाजला. लहान मुलांना झकास, पण ट्रॅपीझला काही कामाचा नाही. तुम्ही दोरीवर बसवेपर्यंत तो चिमटा काढणार.

आता तुमचा २१०० वाला. त्याला अनरिस्पॉन्सिव्ह म्हणतात. त्यात बॉल बेअरिंग आहे आणि दोन्ही बाजूंच्या मधली फट मुद्दाम रुंद ठेवलेली आहे. हिसका दिल्यावर वर न येणं हाच त्याचा गुण. दोरीवर उड्या मारताना, चार-चार वेढ्यांतून काढताना तो मध्येच वर आला तर गुंता होईल. त्याला वर बोलवायची वेगळी रीत आहे: दोरीची दुमड फटीत शिरवून त्याला पकडायला लावायचं. त्याला बाइंड म्हणतात. दुकानदाराने मेलमध्ये ही एक ओळ लिहिली असती तर तुमचा मुलगा आज खेळत असता.

मंजिरी_के

सुतळीबॉम्ब यांना +१, फक्त एक दुरुस्ती. नवशिक्याला थेट बाइंडला जुंपू नका. माझ्या दोन्ही भाच्यांनी असाच महागडा घेऊन सोडून दिला. आधी हिसक्याने वर येणारा, म्हणजे रिस्पॉन्सिव्ह पण बेअरिंगवाला घ्या. पंखाच्या आकाराचा, मध्ये रुंद तोंड असलेला. फुलपाखरू आकार म्हणतात. दोरीवर बसवायला तोंड रुंदच हवं. डब्यासारखा गोल आकार हातातून सारखा पुढे फेकत राहायच्या लूपिंगसाठी बरा.

सुतळीबॉम्ब

मंजिरीताई, मान्य, पण त्यांच्याकडे २१०० चा आधीच आहे. अजून कशाला खर्च? बाइंड दोन संध्याकाळी येतो.

मंजिरी_के

तुम्हाला आला असेल दोन संध्याकाळी. मला अकरा दिवस लागले.

घिसाडी

भांडू नका. कृष्णाकाठताई, धातूचा यो-यो दोन्ही हातांत धरून डावीकडे पिळा, उघडेल. आत मधोमध बेअरिंग आणि दोन्ही बाजूंना रबरासारखी सिलिकॉनची चकती. बेअरिंगची रुंदी मोजा. साधारण पावणेपाच मिमी असेल तर ते रुंद, अनरिस्पॉन्सिव्हचं. बहुतेक ठिकाणी वापरतात ते सी साइझचं बेअरिंग बाहेरून १२.७ मिमी, आतून ६.३५ आणि रुंदीला ४.७५ असतं. आता डब्यात पुन्हा बघा. काही यो-योंबरोबर एक जास्तीचं अरुंद बेअरिंग देतात. ते घातलं की दोन चकत्या दोरीच्या जवळ येतात आणि तोच यो-यो हिसक्याने वर यायला लागतो. दोघांचंही खरं होईल.

कृष्णाकाठ

घिसाडी, साष्टांग नमस्कार!! डब्यात फोमच्या खाली प्लॅस्टिकच्या इवल्याशा पिशवीत एक बेअरिंग सापडलं. चिरंजीव म्हणतात, "मला वाटलं एक्स्ट्रा स्क्रू आहे." जुनं काढायला मात्र जीव गेला. बोटांनी निघेना, पेन्सिलवर अडकवून हलवत हलवत काढलं. नवीन घातलं, पिळून बंद केलं, फेकला, हिसका दिला आणि आला की वर! आणि थेट माझ्या हनुवटीवर.

जत्रेवालाही उघडला. गाठच होती, तीही हिरव्या नायलॉनच्या दोऱ्याची. कापून टाकली. जाड सुती दोरा दुमडून पिळला, फासा आसाला घातला. तीन सेकंद थांबला! ४० रुपयांचा! दिवा लागलेला! घरात सगळ्यांना बोलावून दाखवलं.

आता फेकायचं नीट सांगा. माझा दर वेळी तिरका होतो आणि गुंता होतो.

सुतळीबॉम्ब

हनुवटीबद्दल क्षमस्व. तळहात जमिनीकडे पालथा करून उघडा पंजा घेऊन झेला, तोंडासमोर नको.

दोरी आधी तपासा. यो-यो जमिनीला टेकवून उभं राहिलं की दोरी बेंबीपर्यंत यावी, त्याच्या वर बोटातल्या फाशापुरती. फासा मधल्या बोटाला, पहिल्या आणि दुसऱ्या पेराच्या मध्ये. टोकाला घातला तर निसटतो, मुळाशी घातला तर बोट निळं पडतं. यो-यो हातात धरल्यावर दोरी त्याच्या वरच्या बाजूने निघून बोटाकडे यायला हवी. खालून येत असेल तर उलटा धरलाय.

हात दंड फुगवून दाखवल्यासारखा खांद्याजवळ न्या आणि बोटांवरून सरळ खाली सोडा. "फेकू" नका. भोवरा टाकताना जाळीला मनगटाचा झटका देतो, तसाच झटका, पण सरळ जमिनीकडे. तिरका होतो याचं कारण सोडताना मनगट आत वळतं. अंगठा यो-योच्या कडेवर राहत नाहीये ना, बघा. आणि तिरका झालाच तर त्याच्याशी भांडू नका. तो हळूहळू एका बाजूला वळत जातो, आपणही त्याच्या कडेला तोंड करून पावलं वळवत जायचं.

गुंत्याचं अजून एक कारण, दोरीला पडलेला पीळ. दर फेकीला दोरी थोडी पिळत जाते. बोटातून फासा काढा, यो-यो खाली लोंबकळू द्या, पीळ आपोआप उलगडेल. दर दहा-बारा फेकींनी करा. निम्म्या नवशिक्यांचा राग इथेच निघतो.

ओसरी

अवांतर: राजस्थानातलं एक लघुचित्र आहे, साधारण १७७० च्या सुमाराचं, बुंदी किंवा कोट्याकडचं. त्यात एक स्त्री यो-यो खेळताना दाखवलीय. तेव्हा ताई, वयाची आणि लाजेची काळजी सोडा, परंपरा तुमच्या बाजूने आहे.

अतिअवांतर: १९८५ मध्ये डिस्कव्हरी यानातून खेळणी अंतराळात नेली होती, त्यात यो-यो होता. तिथे स्लीपर जमतच नाही, कारण दोरीच्या टोकाला धरून ठेवायला खाली ओढणारं कोणी नाही. दोरी संपली की लगेच परत. थोडक्यात तुमचा ४० वाला.

बिनकामाचा_इंजिनिअर

ओसरी, जबरदस्त. मूळ धाग्यापेक्षा अवांतर भारी, नेहमीप्रमाणे.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी आले, महिनाअखेर होती. हिशेब देते.

स्वयंपाकघराच्या घड्याळावर मोजलं. जत्रेवाला सर्वांत जास्त ४ सेकंद. क्लचवाला ९. धातूचा अरुंद बेअरिंगवर २२. मग धीर करून रुंद बेअरिंग परत घातलं, तेव्हा ५१! तोवर हात सरळ पडायला लागला होता. खरं सांगते, हात सरळ झाला तो जत्रेवाल्यावर. तो इतका हलका आहे की जरा वाकडं सोडलं की लगेच भेलकांडतो. धातूचा चुका पोटात घालतो.

बाइंड अजून निम्म्या वेळाच लागतो. डाव्या तर्जनीवर दोरी घेऊन यो-यो झुलवते, दोरीवर बसतो, मग तर्जनी सोडून उजवा हात वर ओढते. कधी कचकन चावतो आणि हातात येतो, कधी नुसता घसरून खाली. आणि गुंडाळताना पहिले दोन वेढे बसतच नाहीत, बेअरिंग फिरत राहतं.

घिसाडी

गुंडाळताना दोरीवर अंगठा ठेवा, पहिला वेढा अंगठ्यावरून घ्या, दुसरा-तिसरा त्याच्या खालून, मग अंगठा काढून घ्या. पकडतो.

बाइंड घसरतो तेव्हा दोरी उलट्या बाजूने शिरतेय. यो-यो ज्या दिशेला फिरतोय, त्याच दिशेने दुमड आत ओढली गेली पाहिजे. समोरून झुलवून घसरत असेल तर मागून झुलवून बघा. एका बाजूने चावेल, दुसऱ्या बाजूने कधीच नाही. आणि सिलिकॉनच्या चकत्या गुळगुळीत झाल्या असतील तरी घसरतो, पण तीन आठवड्यांत नाही होणार.

मंजिरी_के

५१ सेकंद?? माझे ४० च्या वर कधी गेले नाहीत. मी माझा सल्ला मागे घेते.

कृष्णाकाठ

मागून झुलवला. सहापैकी सहा वेळा चावला. एवढी साधी गोष्ट!

आता ट्रॅपीझ. बाजूला फेकते, डाव्या बोटावरून वळतो, पण दोरीवर न बसता कडेला आपटून उडतो. दहात एखादा बसतो, तोही चुकून.

सुतळीबॉम्ब

डावं बोट कुठे लावताय? लोक दोरीच्या मधोमध लावतात, मग यो-यो मोठं वळण घेतो आणि नेम चुकतो. बोट यो-योच्या जवळ लावा, वीतभरही अंतर नको. छोटं वळण, त्यामुळे चुकायला जागा कमी. आणि यो-यो, बोट, दोरी सगळं छातीला समांतर एकाच पातळीत हवं. आरशासमोर करा, तिरकं गेलेलं लगेच दिसतं. आरसा मात्र लांब ठेवा.

कृष्णाकाठ

वीतभर म्हटल्यावर कळलं, मी हातभर लांब लावत होते. आज रात्री दहात चार. चौथा बसल्यावर मी तशीच थांबले, यो-यो दोरीवर घुंऽऽ करत उभा, आणि पुढे काय करायचं तेच सुचेना. शेवटी तिथेच थांबून गेला.

चिरंजीव दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "आई, तो माझा आहे."

दोन दिवसांत परत द्यावा लागेल असं दिसतंय. तर आता खरंच विचारते: चौथा कोणता घेऊ? बजेट हजार, पंखाचा आकार, रुंद बेअरिंग. आणि पॉलिएस्टरच्या दोऱ्या एकदम डझनभर कुठे मिळतात? धातूच्याची झिजून पांढरी पिंजारली आहे.

बिनकामाचा_इंजिनिअर

मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.